यादी संपली हे कशावरून?

प्रश्न : मुलगी पाचवीत आहे, शिष्यवृत्तीची तयारी चालू आहे. अपूर्णांक, भूमिती, शाब्दिक उदाहरणं सगळं नीट येतं. पण ‘किती संख्या तयार होतील’, ‘एकूण किती सामने होतील’, ‘किती प्रकारे पैसे देता येतील’ असले प्रश्न आले की दर वेळी एक-दोननं चुकते. सूत्रं पाठ करून घेतली, तरी तेच. घरी काय करून घ्यावं? (एक पालक, कोल्हापूर)

उत्तर :

‘एक-दोननं चुकते’ हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. ज्या मुलाला प्रश्नच कळलेला नसतो, ते दहा-वीसनं चुकतं. एक-दोननं चुकणाऱ्या मुलीला प्रश्न कळलेला असतो, ती मनापासून मोजतही असते. फक्त तिच्या मोजणीतून काहीतरी निसटतं, नाहीतर एखादी गोष्ट दोनदा मोजली जाते. हे दुखणं सूत्रानं बरं होत नाही. ते बरं होतं ओळीनं यादी करायच्या सवयीनं, आणि ही सवय पाचवीत लागली तर दहावीच्या संभाव्यतेपर्यंत पुरते.

मी शिवाजी पेठेत २६ वर्षं पाचवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते. आपल्या गावात हा विषय शिकवायला फुटबॉलइतकं चांगलं साधन नाही, म्हणून मी सुरुवात तिथूनच करते. फळ्यावर सहा नावं लिहिते : पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी, प्रॅक्टिस. प्रत्येक संघ बाकीच्या प्रत्येकाशी शाहू स्टेडियमवर एकदाच खेळणार. एकूण सामने किती?

मागच्या बॅचमधल्या एका मुलीचा कागद माझ्याकडं अजून आहे. तिनं आधी सगळ्यात चुरशीचा म्हणून पाटाकडील-दिलबहार लिहिला. मग खंडोबा-बालगोपाल. मग प्रॅक्टिस-शिवाजी. मग आठवेल तसं, मनात येईल तसं. एकूण १४ झाले. मी विचारलं, "कुठला राहिला का?" ती म्हणाली, "न्हाई बाई, मी सगळे लिहिलो की." प्रत्यक्षात पाटाकडील-खंडोबा एकदा सरळ आणि एकदा खंडोबा-पाटाकडील असा उलटा आला होता, आणि दोन सामने मुळातच नव्हते. म्हणजे खरे १३, दिसायला १४, आणि उत्तर १५. तिची मेहनत पूर्ण होती. पण त्या कागदाकडं बघून काय राहिलंय हे तिलाही सांगता येत नव्हतं आणि मलाही पटकन सांगता आलं नाही. मला एकेक जोडी खुणा करत तपासावी लागली.

मग तिला दुसरा कागद दिला आणि दोनच अटी घातल्या. संघ ज्या क्रमानं फळ्यावर आहेत, तो क्रम मोडायचा नाही. आणि ज्याची ओळ संपली त्याच्याकडं पुन्हा वळायचं नाही. पहिलं अक्षर पुरे.

पा–दि, पा–बा, पा–खं, पा–शि, पा–प्रॅ
दि–बा, दि–खं, दि–शि, दि–प्रॅ
बा–खं, बा–शि, बा–प्रॅ
खं–शि, खं–प्रॅ
शि–प्रॅ

लिहितानाच ती तिसऱ्या ओळीला थांबली आणि म्हणाली, "बाई, पायऱ्या पडाल्यात." पाच, चार, तीन, दोन, एक. १५. आता तिला ‘राहिला का’ विचारायची गरजच नव्हती. प्रॅक्टिसच्या पुढं कुणी नाही, म्हणून यादी संपली. हे तिला स्वतःला दिसलं.

माझं सगळं सांगणं इथंच आहे. मुलांना वाटतं, यादी मोजण्यासाठी करायची. यादीचं खरं काम असतं, ती संपली याची खात्री देणं. जी यादी आपण कुठं आहोत, पुढं काय येणार आणि कुठं थांबायचं हे सांगत नाही, ती शंभर ओळींची असली तरी कच्चीच. त्यामुळं घरी तुम्ही उत्तर तपासायच्या आधी एकच विचारा : "संपली हे कशावरून?" ती जर "आता आणखी सुचत नाही" म्हणाली, तर उत्तर बरोबर असलं तरी पुन्हा लिहायला लावा. हे कठोर वाटेल, पण बरोबर आलेलं नशिबाचं उत्तर पुढच्या परीक्षेत दगा देतं.

ओळ लावायच्या आधी एक प्रश्न मात्र स्वतःला विचारायचाच : उलटं केलं तर वेगळं होतं का? पाटाकडील-दिलबहार आणि दिलबहार-पाटाकडील हा एकच सामना. पण सहा खेळाडूंतून एक कर्णधार आणि एक उपकर्णधार निवडायचा असेल, तर अदलाबदल केली की निवड बदलते. मग पायऱ्या नाहीत, प्रत्येक ओळीत पाच, सहा ओळी, ३०. मी सुरुवातीच्या काही वर्षांत ‘एकूण संख्या गुणिले एकनं कमी, भागिले दोन’ हे सूत्र आधीच सांगून टाकायचे. मुलं ते कर्णधाराच्या प्रश्नालाही लावायची, कारण भागिले दोन का, हे त्यांनी कधी बघितलेलंच नव्हतं. यादी केलेल्या मुलाला ते दिसतं : प्रत्येक संघाच्या ओळीत पाचही सामने लिहिले तर प्रत्येक सामना दोनदा येतो, म्हणून निम्मे करायचे. आता मी सूत्र देते, पण मुलानं पायऱ्या स्वतः पाडल्यावर. सोळा संघ म्हटले की मूल आपणहून म्हणतं, पंधरा, चौदा, तेरा अशी बेरीज करायची ना? तिथं सूत्र दिलं की ते त्याला सोयीचं वाटतं, आणि १२० हे उत्तर कुठून आलं हेही त्याला ठाऊक असतं.

आता पैशांचे प्रश्न. १० रुपये, नाणी १, २ आणि ५ रुपयांची, किती प्रकारे देता येतील? यात मुलं सर्वांत जास्त गडबडतात, कारण ती १ रुपयापासून सुरू करतात. मोठ्या नाण्यापासून सुरू करा. ५ ची नाणी जास्तीत जास्त दोन, म्हणून मोठे कप्पे तीनच.

५ ची दोन घेतली की काही उरत नाही : १ प्रकार.
५ चं एक घेतलं की ५ उरतात. त्यात २ ची नाणी दोन, एक किंवा शून्य. बाकी १ ची : ३ प्रकार.
५ चं एकही नाही. १० उरतात. त्यात २ ची पाच, चार, तीन, दोन, एक, शून्य : ६ प्रकार.

एकूण १०. १ ची नाणी स्वतंत्र मोजावीच लागली नाहीत, कारण बाकी राहिलेली जागा तीच भरतात. मुलांना मी मोटारसायकलच्या किलोमीटरच्या आकड्यांचं उदाहरण देते. शेवटचा आकडा आधी फिरतो, त्याचा फेरा पूर्ण झाला की शेजारचा एकानं सरकतो, आणि डावीकडचा सगळ्यात उशिरा हलतो. आपली यादीही तशीच चालली पाहिजे. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. ज्या मुलांच्या ओळीत ५ ची आणि २ ची दोन्ही नाणी एकदम बदललेली दिसतात, त्यांची यादी हमखास गळते.

संख्या तयार करण्याच्या प्रश्नांवर थोडं थांबते, कारण तिथं पर्यायच मुलांना फसवतात. ०, ३, ५, ८ हे अंक, एक अंक एकदाच वापरायचा, तीन अंकी संख्या किती? समजा पर्याय असे आहेत : १८, २४, ४८, ६४. यातला एकही उगाच दिलेला नाही. २४ हे शून्य पहिल्या जागी चालवून घेणाऱ्याचं उत्तर. ४८ हे शून्य सांभाळलं पण अंक परत वापरला, त्याचं. ६४ म्हणजे दोन्ही चुका. त्यामुळं ‘माझं उत्तर पर्यायांत आहे, म्हणजे बरोबर’ हा दिलासा या प्रश्नांत खोटा असतो, हे मुलीला स्पष्ट सांगा.

लिहायचं असं. ३ नं सुरू होणाऱ्या : ३०५, ३०८, ३५०, ३५८, ३८०, ३८५. सहा. ५ नं सुरू होणाऱ्याही तितक्याच, ८ नंही तितक्याच, ० नं नाहीच. सहा त्रिक अठरा. म्हणजे पूर्ण यादी लिहावी लागली नाही; एक फांदी पूर्ण लिहिली आणि बाकीच्या तिच्यासारख्याच आहेत हे बघून गुणलं.

पण ‘तिच्यासारख्याच आहेत’ हे खरंच बघायचं असतं. त्याच प्रश्नात ‘यांपैकी सम संख्या किती’ असं विचारलं की हुशार मुलंही पडतात. ३ च्या फांदीवर सम संख्या ३०८, ३५०, ३५८, ३८०, म्हणजे चार. चार त्रिक बारा, असं लिहून मोकळी होतात. ५ च्या फांदीवर ५०८, ५३०, ५३८, ५८०, इथंही चार, म्हणून खात्री आणखी वाढते. ८ च्या फांदीवर मात्र ८३० आणि ८५० दोनच, कारण शेवटी बसू शकणारा ८ पुढं जाऊन बसलाय. उत्तर १०. माझ्याकडच्या मुलांना मी एक नियम पाळायला लावते : अट आली की गुणायच्या आधी सगळ्यात वेगळी वाटणारी फांदी लिहून बघायची. सारखी निघाली तर गुणा, नाहीतर मिळवा.

पालक इथं वेळेचं विचारतात, आणि ते रास्त आहे. पेपरमध्ये ९० मिनिटांत ७५ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद. यादी कशी परवडणार? वरची फुटबॉलची १५ जोड्यांची यादी एका अक्षरानं लिहायला सरावलेल्या मुलाला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त लागत नाही; मी घड्याळ लावून घेतलंय. वेळ जातो तो नावं पूर्ण लिहिण्यात, खाडाखोड करण्यात आणि ‘राहिलं का’ म्हणून पुन्हा पहिल्यापासून तपासण्यात. कच्च्या कामाची जागा आधीच उभ्या रेघेनं वेगळी ठेवायला शिकवा. तिरक्या, कोपऱ्यात कोंबलेल्या यादीत ओळी एकमेकींत घुसतात आणि पायऱ्या दिसत नाहीत.

आणखी एक नेहमीचा प्रश्न. १ ते १०० लिहिताना ५ हा अंक किती वेळा येतो? एकक स्थानी ५, १५, २५ पासून ९५ पर्यंत १० वेळा. दशक स्थानी ५० ते ५९, पुन्हा १० वेळा. एकूण २०. पण ‘५ हा अंक असलेल्या संख्या किती’ असं विचारलं तर १९, कारण ५५ दोन्ही ओळींत आहे. तुमची मुलगी एकनं चुकते म्हणालात. ती चुकली त्या पेपरमध्ये हा प्रश्न होता का, ते बघा. इथं तिची मोजणी बरोबर असून वाचन चुकलेलं असू शकतं.

आकृतीतले त्रिकोण मोजायचे असतील तर तुकड्यांना नंबर द्यायचे. शिरोबिंदूपासून पायापर्यंत रेघा मारून मोठ्या त्रिकोणाचे चार तुकडे केले असतील तर १, २, ३, ४ लिहा. एका तुकड्याचे त्रिकोण चार. शेजारचे दोन मिळून तीन. तीन मिळून दोन. सगळे मिळून एक. १०. पुन्हा त्याच पायऱ्या, आणि हे योगायोगानं झालेलं नाही. कडेच्या दोन धरून शिरोबिंदूतून पाच रेघा निघतात आणि त्यांतल्या कुठल्याही दोन घेतल्या की एक त्रिकोण होतो. म्हणजे हे पाच संघांचे सामनेच झाले. एका सहावीतल्या मुलानं हे आपणहून सांगितलं तेव्हा मी तास तिथंच थांबवून त्याला फळ्यावर बोलावलं होतं.

ही सवय आपल्याकडं फार जुनी आहे, हे मुलांना सांगायला मला आवडतं. मराठीच्या तासाला ती ‘यमाताराजभानसलगा’ म्हणत गण शिकतात. तीन अक्षरं, प्रत्येक लघू किंवा गुरू, म्हणून गण आठ. छंदःशास्त्रात, पिंगलाच्या परंपरेत, हे आठही क्रमानं मांडायची रीत आहे, तिला प्रस्तार म्हणतात. पहिली ओळ तिन्ही गुरूंची. पुढची ओळ लिहिताना वरच्या ओळीत डावीकडून जो पहिला गुरू असेल त्याच्याखाली लघू लिहायचा, त्याच्या उजवीकडचं वरच्यासारखंच उतरवायचं, आणि डावीकडं जागा उरली तर गुरूंनी भरायची. गुरूला ग आणि लघूला ल लिहिलं तर अशी यादी येते : गगग, लगग, गलग, ललग, गगल, लगल, गलल, ललल. म्हणजे म, य, र, स, त, ज, भ, न. शेवटच्या ओळीत बदलायला गुरूच उरत नाही, म्हणून थांबायचं. ‘संपली हे कशावरून’ याचं उत्तर रीतीतच बसवलेलं आहे. ही रीत वहीत एकदा उतरवून घेतली की मुलं चार अक्षरांचे १६ प्रकारही न चुकता लिहितात. नाणं चार वेळा उडवण्याचा दहावीतला नमुना अवकाश, म्हणजे शक्य त्या सगळ्या निकालांची यादी, तोच.

भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीत अंकपाश नावाचं प्रकरण आहे, त्यात असंच एक उदाहरण येतं. हरीच्या चार हातांतली गदा, चक्र, कमळ, शंख ही आयुधं एकमेकांत बदलली तर मूर्तीचे किती भेद होतील? उत्तर २४. संध्येत केशव, नारायण, माधव, गोविंद अशी जी २४ नावं येतात, त्यांच्या मूर्ती याच चार आयुधांच्या क्रमावरून ओळखतात. पाचवीच्या मुलीला हे यादीनं करायला द्या : वरच्या उजव्या हातात शंख धरला तर उरलेल्या तीन हातांत तीन आयुधं सहा प्रकारे बसतात, ते सहा लिहायचे. शंखाच्या जागी इतर तिघं आली तरी सहा-सहाच. अट नाही, म्हणून फांद्या सारख्या, म्हणून सहा चोक चोवीस. त्याच ठिकाणी शंकराच्या दहा हातांतल्या दहा आयुधांचाही प्रश्न आहे, त्याचं उत्तर ३६,२८,८००. तिथं कुणी यादी करणार नाही, पण गुणायचं कशानं हे छोट्या यादीवरूनच कळतं.

फाशांचं थोडक्यात सांगते, कारण ते पुढं लागेल. दोन फाशांची बेरीज ८ येण्याचे प्रकार विचारले की मुलं २-६, ३-५, ४-४ असे तीन सांगतात. एक फासा तांबडा, एक पांढरा समजायला सांगा (आपल्या मुलांना रश्श्यामुळं हे दोन रंग लगेच डोळ्यांपुढं येतात). तांबड्यावर २, ३, ४, ५, ६ अशी ओळ लावली की पाच निघतात.

घरी रोज एकच प्रश्न पुरे, पण कोऱ्या कागदावर आणि पेननं, म्हणजे खोडता येणार नाही. चुकली तर नवी यादी करू दे. जुन्या यादीत मध्येच घुसवलेली ओळ पुढच्या वेळी पुन्हा चुकवते. यादी लिहून झाल्यावर तिला मोजायच्या आधी कागद तुमच्याकडं द्यायला सांगा. तुम्हाला गणित येत नसलं तरी चालेल. ओळी क्रमानं चालल्यात का, एखादी उडी पडलीय का, हे कुणालाही दिसतं. तिची आजीसुद्धा हे बघू शकेल.

आज रात्री हा द्या : २० रुपये, फक्त १०, ५ आणि २ रुपयांच्या नाण्यांत, किती प्रकारे? यात गंमत अशी की काही ओळी जमतच नाहीत. १० चं एक आणि ५ चं एक घेतलं की ५ उरतात, ते २ च्या नाण्यांत बसत नाहीत. अशी ओळ लिहायची आणि फुली मारायची. न लिहिता मनातल्या मनात सोडून दिली तर ती बघितली होती की विसरली, हे नंतर कळत नाही. नीट केलं तर ९ ओळी येतात, ३ वर फुली पडते, ६ उरतात. तिच्या कागदावर सहाच ओळी असतील आणि फुली एकही नसेल, तर उत्तर बरोबर आहे म्हणून सोडू नका. विचारा, "५ ची तीन नाणी घेऊन बघितलीस का?"